उर्दू आकड्यांचं इंजिन

आमच्या घरी मोटार होती, पण ती आमची नव्हती. हे वाक्य अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, कुणी विचारलेलं नसतानाही, ऐकवत असत. परसात पत्र्याच्या शेडखाली ती उभी असे. एका बाजूला शेवग्याचं झाड, दुसऱ्या बाजूला आईच्या जळणाची रास, आणि मधोमध ही विलायती बाई, नाकावर निकेलचा पक्षी घेऊन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर जुन्या मोटारींचा एखादा शौकीन पत्र पाठवून कळवील की त्या मॉडेलला तसा पक्षी नव्हताच, आणि या वयात मला पक्ष्यांवरून भांडायचं नाही. दर शुक्रवारी सकाळी अण्णा बाह्या वर सारून हँडल मारत. आई आधी वाळवणाची खाट आत घ्यायची, मग दांडीवरचे कपडे, मग स्वतः आत जाऊन दार लावून घ्यायची. मोटार दोन-चारदा खोकायची, निळसर धूर सोडायची आणि एखाद्या पिठाच्या गिरणीसारखी फट-फट करत चालू व्हायची. अण्णा तिच्याजवळ हात बांधून उभे राहत. ते आत कधी बसले नाहीत. थोड्या वेळानं ती बंद करत, टपावर चादर घालत आणि कचेरीला पायी जात.

मोटार होती जागीरदार हैदरमियाँची. त्यांना सगळं शहर नवाबसाहेब म्हणे. ही पदवी त्यांना कुणी दिल्याचं अण्णांना ठाऊक नव्हतं, आणि अण्णा त्यांचे पेशकार, म्हणजे त्यांचं सगळं कागदोपत्री काम सांभाळणारे, त्यामुळं दिली असती तर ती अण्णांच्याच दप्तरातून गेली असती. दोन-चार गावांची जागीर, बेगमपुऱ्याच्या बाजूला एक हवेली, आणि ही मोटार. लहानपणी दोन-तीन वर्षं ते विलायतेच्या कुठल्याशा शाळेत होते. तिथून त्यांनी काय आणलं असेल तर सूप पिण्याची पद्धत आणि इंग्रजी आकडे. सही इंग्रजीत, आकडे इंग्रजीत. उर्दूत आकडे लिहिणं त्यांना मुनीमाचं काम वाटे. उलट अण्णांचं सगळं शिक्षण निजामी शाळेत, उर्दूत झालेलं. ते देवाचं नाव मराठीत घेत आणि हिशोब उर्दूत करत. आमच्या स्वैपाकघराच्या भिंतीवर दुधाच्या खुणा होत्या त्याही उर्दू आकड्यांत. आईला ते वाचता येत नसत. तिचं म्हणणं, गवळ्यानं फसवलं तरी कळायला मार्ग नाही, आणि तुमच्या अण्णांनी फसवलं तरी नाही.

हैदरमियाँची एकुलती एक मुलगी सकीना माझ्याच वयाची. तिचा दिवस आमच्याकडे जायचा. अण्णांनी आम्हां दोघींना एकाच पाटीवर पाढे शिकवले, अर्थातच उर्दू आकड्यांत. ती माझ्याशी मराठी बोलायची, आमच्या आईसारखी ठसक्यात. फक्त भांडताना दखनीत शिरायची, कारण मराठीत तिला पुरेशा शिव्या येत नव्हत्या. ईदेला त्यांच्याकडून आमच्याकडे शिजवलेलं काही येत नसे. ताटात कोरडा शिधा यायचा: शेवया, खारका, चारोळी, साखर, वर रेशमी रुमाल. आई आमच्या चुलीवर आमच्या दुधात त्याचा शीरखुर्मा करायची. म्हणजे धर्म दोघांचाही राहिला आणि खीर एकच झाली. या तोडग्याचं मला आजही कौतुक वाटतं, आणि तितकीच लाजही वाटते. कारण सकीनासाठी आमच्याकडे जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, कपबशी वेगळी होती, कोनाड्यात पालथी घातलेली. ती तिला 'माझा कप' म्हणायची. आपला कप वेगळा का, हे तिनं कधी विचारलं नाही. मला वाटतं, तिला कळलेलं होतं.

पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत कुणाच्या दारावर काय झालं, याची चर्चा आमच्या घरात मुलांसमोर होत नसे. सकीना आणि तिच्या आईला आधीच हैदराबादला आजोळी पाठवलं होतं. हैदरमियाँ हवेलीत एकटे राहिले. मग जागिरी गेल्या. जागीर गेली की जागीरदाराचं काय उरतं, हा प्रश्न नव्या सरकारनं स्वतःला विचारला होता की नाही, कोण जाणे. हैदरमियाँनी मात्र त्याचं उत्तर लगेच काढलं. मोटार उरते. दारात मोटार उभी आहे तोवर नोकर सलाम करतात आणि वाणी उधार देतो. पण पोटाला तर हवं. तेव्हा एका दुपारी ते मोटार घेऊन आमच्या परसात आले, सोबत करीम मिस्त्री. लासूर स्टेशनच्या एका तेलगिरणीवाल्याला दमदार इंजिन हवं होतं. मोटारीचं इंजिन काढून त्याला द्यायचं आणि त्या जागी कुठल्याशा मोडीत निघालेल्या लॉरीचं बारकं इंजिन बसवायचं, असा बेत. हवेलीत केलं तर नोकरांना कळेल, म्हणून आमच्याकडे.

"साहब, मोटारीचं काळीजच काढताय," अण्णा म्हणाले.

"पेशकार, मोटर बाहर से दिखती ना?" हैदरमियाँ खुर्चीत पाय पसरून म्हणाले. "बॉनट कौन उठा के देखता? तुम कभी किसी के घर जा के उसकी हंडिया में झाँकते क्या?"

शेवग्याची फांदी असल्या वजनाला टिकणार नाही म्हणून बाजूच्या कडुनिंबाला साखळी टांगली. इंजिन वर उचललं गेलं तेव्हा त्यातून काळं तेल ठिबकत होतं, आणि आईनं ते परातीत धरलं, कारण वाया का घालवायचं. लॉरीचं इंजिन त्या जागेत नीट बसेना. खाली सागवानाच्या चकत्या घालून मिस्त्रीनं ते कसंबसं टेकवलं. मग निघाली नंबराची भानगड. नव्या सरकारचा माणूस मोटारी तपासायला येणार होता, आणि कागदावरचा नंबर इंजिनावर असायला हवा. मिस्त्री म्हणाला, "अंग्रेजी ठप्पे मेरेपास नहीं साब. भाई के पास हैं, बाट पे मारने के." त्याचा भाऊ बाजारातल्या वजनांवर सरकारी छाप मारायचा, निजामी राज्याचा, म्हणजे उर्दू आकड्यांचा.

"विलायती इंजिनावर उर्दू आकडे?" अण्णा.

"हुकूमत बदली है पेशकार, गिनती थोड़ी बदली!"

मिस्त्रीनं कानशीनं जागा घासली आणि एकेक ठप्पा धरून हातोडीनं ठोकला. मी शेजारी उभी राहून मोठ्यानं आकडे वाचत होते, आणि हैदरमियाँ मला शाबासकी देत होते. पुढं तो सरकारी माणूस आला, हवेलीत शरबत प्याला, हॉर्न वाजवून बघितला आणि खूश होऊन गेला. बॉनेट खरोखरच कुणी उचललं नाही. या बाबतीत हैदरमियाँना माणसांची पारख होती, हे कबूल केलं पाहिजे.

वर्षभरात हवेली विकून तेही हैदराबादला गेले. जाताना मोटार आमच्या परसात सोडली. तितक्या लांब ती पोचली नसती, हे खरं कारण. सांगितलेलं कारण असं की हैदराबादच्या गल्ल्या तिच्या इभ्रतीला अरुंद आहेत. निघताना त्यांनी अण्णांचे दोन्ही हात धरले. मी दारात होते. "ये सकीना की अमानत है. और वो बात," त्यांनी बॉनेटकडे मान वळवली, "उसको कभी मालूम नक्को होना. उसकी नज़र में मैं जो हूँ, वही रहने दो." अण्णा म्हणाले, "ज़बान दी." एवढंच. माझे अण्णा हे फार कमी बोलणारे आणि बोललेलं फार जास्त पाळणारे गृहस्थ होते. अशा माणसाच्या घरात राहणं किती अवघड असतं, हे त्यांच्याबद्दल आदरानं बोलणाऱ्यांना कळत नाही.

हल्ली आपल्या शहरात जुन्या मोटारींची मिरवणूक निघते. माझा भाचा मला एकदा घेऊन गेला. मालक फेटे बांधून उभे, पांढरे हातमोजे घातलेले परीक्षक वाकून वाकून बघतात, आणि पट्टीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळला की सगळे अशा आवाजात बोलू लागतात जणू कुंडलीच जुळली. भाचा म्हणाला, "मावशी, इंजिन मूळचंच असेल तरच गाडीला अर्थ." मी म्हटलं, असेल. मग मला उन्हाचा त्रास होतोय असं सांगून घरी आले.

हैदरमियाँ हैदराबादेत वारले तेव्हा मी कॉलेजात होते. काही महिन्यांनी सकीनाचा निरोप आला, ती येते आहे. तिची आई आजारी होती, तिथलं राहतं घर हातचं जायच्या बेतात होतं, आणि मुंबईचे एक गृहस्थ जुन्या मोटारींचे शौकीन होते. मोटार अस्सल असेल तर ते घेणार होते. घर वाचणार की नाही ते त्यावर होतं.

आदल्या दिवशी आईनं अण्णांसमोर कानस ठेवली. "अहो, तो नंबर तरी घासून टाका. नंबर नसला तर जुना झाला, झिजला म्हणता येईल. हे असलं ठोकलेलं बघून कुणीही चोर म्हणेल."

"अमानतीला हात लावायचा नसतो," अण्णा म्हणाले.

"मग पोरीला खरं सांगा."

"ज़बान दिली आहे."

"मेलेल्या माणसाला?"

"जिवंत होता तेव्हा दिली."

आईनं कानस उचलली आणि ती विळीशेजारी ठेवून दिली. "मग होईल ते बघत बसा दोघं बापलेक," ती म्हणाली. ते दोघं म्हणजे अण्णा आणि मी, कारण त्या घरात ज़बान दिलेल्याची मुलगी असण्याचा गुन्हा माझाही होता.

सकीना आली ती आधी माझ्या गळ्यात पडली. उंच झाली होती, बाकी तीच. "इंदे, किती वाळलीस गं! काकी, हिला खायला घालत नाही का?" आईनं आमच्या रोजच्या, पितळी कपांतल्या एका कपात तिला चहा दिला. कोनाड्यातली जर्मनची कपबशी आईनं सकाळीच काढून टाकली होती. आपल्याला झेपेल तेवढी क्रांती आईनं त्या दिवशी केली. सकीनानं कप हातात घेतला, त्याच्याकडे बघितलं, आणि मग आईकडे. चहा ती नंतर पिणार होती. आधी मोटार बघू म्हणाली.

तिच्यासोबत आलेले मुंबईचे साहेब सभ्य होते. आवाज न चढवता, विद्यार्थ्यांना शिकवावं तसं सांगत होते. आसनापुढच्या पत्र्यावरची पितळी पट्टी त्यांनी रुमालानं पुसली, नंबर वाचला. "ही पट्टी मूळची आहे. फार छान." सकीना हसून अण्णांकडे बघू लागली. मग त्यांनी बॉनेट उघडलं.

"पंखा बघा. रेडिएटरच्या मधोमध हवा. हा बोटभर खाली आहे." मग वाकून, "इंजिनाखाली लाकडाच्या चकत्या का?"

त्यांनी रॉकेलचा बोळा मागितला, तो मीच आणून दिला. इंजिनाच्या कुशीतली मळकट जागा ते घासू लागले. "कंपनी नंबर मारण्याआधी ती जागा यंत्रानं तासते. रेघा एकाच दिशेनं जातात. इथं कानशीनं घासलंय, कशाही रेघा आहेत." आकडे दिसू लागले. ते थांबले, चष्मा काढला, पुन्हा लावला. "नंबर तोच असावा," ते म्हणाले, "पण विलायतेच्या कारखान्यात उर्दू आकडे मारत असत, असं माझ्या तरी वाचनात नाही. बाई, हे इंजिन दुसरं आहे. हे लपवायला कुणीतरी नंतर ठोकलंय. मला क्षमा करा."

सकीना पुढं झाली, वाकली, आणि तिनं ते आकडे वाचले. आमच्याच पाटीवर वाचायला शिकली होती ती. उठली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना.

"चाचा," ती म्हणाली, "अब्बा तो उर्दू में गिनती लिखते ही नहीं थे."

अण्णा उभे होते, शुक्रवारी मोटारीजवळ उभे राहत तसे, हात बांधून. मला वाटलं, आता बोलतील. कुठल्याही माणसानं आता बोलायला हवं होतं.

"गाड़ी मेरे पास थी, बेटी," ते म्हणाले. "जवाब मुझे ही देना है."

"अब्बा आख़री दिन तक कहते रहे, मोटर पेशकार के पास है, मतलब मेरे पास है. इंजन चाहिए था तो माँग लेते चाचा. अब्बा दे देते. आपको ना नहीं कहते थे वो."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. मी "सकीना" म्हणून पुढं झाले तर अण्णांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. त्या बघण्याचं वर्णन मी करणार नाही. मुंबईचे साहेब हळूच बॉनेट बंद करत होते, आवाज होऊ नये म्हणून. सकीना दारापर्यंत गेली आणि वळली. "इंजन रख लिया है, तो अब गाड़ी भी रख लीजिए," म्हणाली. चहा तसाच राहिला. आईनं तो संध्याकाळपर्यंत फेकला नाही.

सकीना शहागंजला मावशीकडे उतरली होती, काही सामान विकायचं होतं म्हणून. मी रोज गेले. रोज आतून निरोप येई, ती झोपली आहे. आपल्या शहरात मोटारी कमी होत्या आणि माणसांना काम त्याहून कमी, त्यामुळं गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. पेशकारानं नवाबाचं इंजिन खाल्लं. गुलमंडीवर कुणीतरी अण्णांना विचारलं, "काय पेशकारसाब, इंजन लई जड पडलं का? सोडा घ्या." अण्णांनी त्यालाही नमस्कार केला. घरी आले की ते पानावर बसत, पाण्याचा घोट घेत आणि उठत. आई वाढलेलं ताट झाकून ठेवी. त्या आठवड्यात घरात फक्त झाकणांचे आवाज होते.

सकीना जायच्या दिवशी मी स्टेशनवर गेले. अण्णांना विचारलं नाही. हैदराबादकडची गाडी लागली होती. बायकांच्या डब्यात ती खिडकीशी बसली होती, मांडीवर डबा घेऊन. मी गज धरून सगळं सांगितलं. कडुनिंब, साखळी, लासूरचा गिरणीवाला, वजनांवरचे ठप्पे, तिच्या अब्बांनी खुर्चीत बसून मला दिलेली शाबासकी, निघतानाचं बोलणं. भराभरा सांगितलं, गाडी सुटेल म्हणून. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मला वाटलं, संपलं, आता ती खाली उतरेल.

ती दखनीत भांडली नाही. मराठीतही बोलली नाही. अगदी स्वच्छ उर्दूत, परक्या बाईशी बोलावं तसं बोलली, आणि मला पहिल्यांदाच 'आप' म्हणाली.

"आपके वालिद ने जो किया सो किया. कम से कम मुकरे तो नहीं. आप तो एक मरे हुए आदमी के सर डाल रही हैं, जो उठ के जवाब भी नहीं दे सकता."

तिनं खिडकीची लाकडी झडप खाली ओढली. गजावरची माझी बोटं मी वेळेवर काढली. गाडी सुटायला त्यानंतरही बराच अवकाश होता आणि मी तिथंच त्या झडपेसमोर उभी राहिले. पलीकडे ती होती. तिच्या बांगड्यांचा आवाज मला येत होता. हैदराबादचं घर पुढं हातचं गेलं, एवढंच कुणाकडून तरी कळलं. मी पत्रं लिहिली. ती पोचली असावीत, कारण परत आली नाहीत. मोटार अण्णांच्या नंतर भंगारवाल्यानं तुकडे करून नेली. पण मी तिला सांगितलं, याचं मला कधी वाईट वाटलं नाही. खरं सांगितल्यानं काही सुधारत नाही, एवढं मात्र त्या फलाटावर कळलं, आणि हे इतक्या लवकर कळायला नको होतं.

घरी आले तेव्हा अण्णा ओसरीवर होते.

"स्टेशनवर गेली होतीस?"

"हो."

"सांगितलंस तिला?"

मी होकारार्थी मान हलवली. ते रागावतील, घराबाहेर काढतील, काहीही करतील असं वाटून मी जोड्यांसकट उभी होते. अण्णांनी उपरणं गुडघ्यावर घट्ट धरलं होतं.

"तिला पटलं?"

"नाही."

"नक्की नाही पटलं?"

"नाही अण्णा. खोटारडी म्हणाली मला."

त्यांनी डोळे मिटले आणि खूप वेळ कोंडून धरलेला श्वास सोडावा तसा सोडला. "मग ठीक झालं," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका हलका मी त्या सगळ्या दिवसांत ऐकला नव्हता. मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, वाढतेस का? भूक लागली आहे."

आई लगबगीनं चुलीशी गेली. भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. मी पाय धुवायला परसात गेले, आणि आतून दोनदा जेवायला हाक आली तरी पाणी ओततच राहिले.